गायकवृंदाला गुरू हवा

सणाच्या मिस्सेला वेदीच्या बाजूला ध्वनिवर्धकांची भिंत उभी राहते. तिच्याआड चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा कीबोर्डवर बसतो आणि एका बटणाने ताल सुरू होतो. डाव्या हाताची तीन बोटे दाबून धरली की ढोलक, गिटार, व्हायोलिनचा ताफा सारे यंत्रच वाजवते. दुसऱ्या बटणाने पट्टी बदलते. ‘सफेद एक’पलीकडे त्या मुलाला काही येत नाही आणि येण्याची गरजही आपण ठेवलेली नाही. (स्केलचेंजर पेटीने ही खोड आधीच लावली होती, हे मान्य.) मिस्सा संपली की लोक त्याची पाठ थोपटतात. माझी तक्रार त्या मुलाविरुद्ध नाही, पाठ थोपटणाऱ्यांविरुद्ध आहे.

आपल्याकडे सराव कशाला म्हणतात ते पाहा. शनिवारी संध्याकाळी जमायचे आणि रविवारची पाच गीते वरपासून खालपर्यंत तीनदा म्हणायची. ज्या ओळीत सूर उतरतो तेथे तो तिन्ही वेळा उतरतो. चौथ्या वेळी, म्हणजे वेदीपुढे, तो उतरणारच. कारण तीनदा गिरवून आपण ती चूकच पाठ केलेली असते. वस्तुतः शिकणाऱ्याचा सराव हा गीताचा नसतो, गीतातल्या अडणाऱ्या दोन मात्रांचा असतो. त्या वेगळ्या काढायच्या, निम्म्या लयीत घ्यायच्या, चूक होईनाशी झाली की मागची आणि पुढची ओळ जोडायची, आणि मगच लय वाढवायची. हे काम कंटाळवाणे आहे. व्हायोलिन शिकणाऱ्याला मोकळ्या तारेवर गज सरळ ओढण्यातच कित्येक आठवडे घालवावे लागतात. गाणाऱ्याला खर्जावर सूर स्थिर करीत बसावे लागते. त्या वेळात टाळ्या नसतात, आणि चूक कोठे झाली हे सांगणारा कान शेजारी नसेल तर तो वेळही वाया जातो. तो कान म्हणजे गुरू. आपल्या बहुतेक गायकवृंदांत नेमका तोच नाही.

यावर एक भाविक उत्तर ठरलेले आहे: आवाज ही देवाची देणगी, ती मनापासून अर्पण केली की पुरे. सूर चुकला तरी देव अंतःकरण पाहतो. देव अंतःकरण पाहतो याविषयी वाद नाही. परंतु शुभवर्तमानातील दाखल्यात मिळालेले धन जसेच्या तसे परत करणाऱ्या चाकराचे काय झाले, हे या मंडळींनी पुन्हा एकदा वाचावे. त्याने काही हरवले नव्हते. ते वाढवण्याचे कष्ट मात्र घेतले नव्हते. फुले कोमेजलेली असली तर आपण ती वेदीवर ठेवत नाही. मग कोमेजलेला सूर का चालतो?

गोव्यातील जुन्या धर्मग्रामशाळांतून चर्चचा ‘मेस्त’ मुलांना धर्मशिक्षणाबरोबर स्वरलिपी वाचायला शिकवी आणि व्हायोलिन हाती देई. गावातल्या गरिबाच्या मुलालाही ही विद्या मिळे. त्याच परंपरेतून आलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. सासष्टीतील माजोर्डा गावी १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे चर्चच्या गायकवृंदप्रमुखाचे चिरंजीव. पुढे ते मुंबईत नामांकित व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंद-संयोजक झाले. संगीतकार प्यारेलाल त्यांच्यापाशी व्हायोलिन शिकले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ने ते नाव घरोघरी नेले, त्या नावामागची चर्चची शिकवणी मात्र कोणी विचारली नाही. एका धर्मग्रामाच्या शिस्तीतून काय उभे राहू शकते, याचा हा पुरावा आहे.

ख्रिस्तसभेने याबाबत मौन पाळलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचे संविधान संमत केले. त्यात संगीताचे शिक्षण कॅथलिक शाळांतून आणि संस्थांतून द्यावे, त्यासाठी शिक्षक काळजीपूर्वक तयार करावेत, असे स्पष्ट सांगितले आहे. त्याच संविधानाने लोकांच्या आपल्या संगीतपरंपरेलाही उपासनेत योग्य स्थान दिले. आपण त्यातून सवलत तेवढी उचलली. लॅटिन गायन गेले, मराठी गीते आली, तबला-पेटी आली. ते योग्यच झाले. परंतु आमच्या मुलांना ना धड सरगम येते, ना धड पाच रेघांची लिपी. त्याआधी, १९५८ साली, रोमहून निघालेल्या पवित्र संगीतविषयक सूचनापत्रात आपोआप वाजणारा ऑर्गन, ग्रामोफोन, टेपरेकॉर्डर यांना उपासनेत मनाई होती, गीते शिकवण्यासाठी मात्र परवानगी होती. किती शहाणे तारतम्य! आपण नेमके उलट केले आहे: शिकताना यंत्राचा उपयोग नाही आणि वेदीपुढे यंत्राखेरीज पान हलत नाही.

ज्यांना परवडते ते पालक मुलांना लंडनच्या ग्रेड परीक्षांना बसवतात. परीक्षा वाईट नाहीत. पण परीक्षेचे तीन तुकडे वर्षभर घोटून प्रमाणपत्र भिंतीवर लावणाऱ्या मुलापुढे अनोळखी स्तोत्राचे पान ठेवा; पुष्कळदा हात थांबतात.

पैशाची सबब तर ऐकवत नाही. सणाच्या मंडपाला, रोषणाईला, ध्वनिव्यवस्थेला वर्गणी जमते. गुरूच्या मानधनाचा विषय निघाला की मात्र ‘सेवा म्हणून कोणी करील का?’ असा प्रश्न येतो. इलेक्ट्रिशियनला आपण हा प्रश्न विचारीत नाही. एका धर्मग्रामाला झेपत नसेल तर शेजारच्या तिघांनी मिळून एक शिक्षक ठेवावा, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांपासून वर्ग सुरू करावा.

मुलांना लोकांपुढे आणूच नये, असे मी म्हणत नाही. लोकांपुढे वाजवल्याशिवाय हाताचा कंप जात नाही. परंतु पहिली पायरी नाताळची स्पर्धा नव्हे. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी सकाळच्या मिस्सेला मोजकी माणसे असतात. तेथे एक गीत, एकच वाद्य, ताल स्वतःच्या हाताचा. चुकले तर पुढच्या बाकावरची आजी मागे वळून पाहणार नाही, आणि गुरू मिस्सेनंतर त्याच दोन मात्रा पुन्हा वाजवायला लावील.