समुद्रावरचा वन बीएचके

‘सिम्फनी ऑफ द सीज’ या जहाजावर एक सूट असा आहे, की मुलांच्या वरच्या खोलीतून खालच्या दिवाणखान्यात यायला घसरगुंडी आहे. शिवाय एअर हॉकीचं टेबल आणि लेगोची अख्खी भिंत. वहिनीने सहज म्हणून फोटो दाखवला आणि एडिसनमधल्या माझ्या भाच्याला दुसरं काही सुचेनासं झालं. आई-बाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस फ्लोरिडाहून सुटणाऱ्या ‘सिम्फनी’वर किंवा तिच्या एखाद्या बहिणीवर करायचा, एवढं नक्की आहे. खोली कुठली घ्यायची यावर मात्र दर रविवारी व्हिडिओ कॉलवर खल चालतो. मी पुण्यात बसून डेक प्लॅन वाचते. पैसे भाऊ भरणार असल्यामुळे माझी मतं अगदी निर्भीड असतात.

ही जहाजं कल्पनेपलीकडे मोठी आहेत. या वर्गातलं पहिलं, ‘ओएसिस’, २००९मध्ये आलं. २०१८ची ‘सिम्फनी’ ३६१ मीटर लांब आहे आणि खोलीत दोघे धरले तरी साडेपाच हजार प्रवासी मावतात. मधोमध आभाळाकडे उघडी बाग आहे, तिच्यात दहा हजारांहून जास्त झाडं. एवढ्या गर्दीत सूट घेणारा माणूस नक्की काय विकत घेतो? जाहिरात चौरस फूट सांगते. माझ्या मते तो विकत घेतो रांगेतून सुटका. आधी चढायचं, नाट्यगृहात राखीव जागा, जेवायला वेगळं उपाहारगृह. केमन बेटांवरच्या जॉर्जटाउनसारख्या ठिकाणी मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, लहान होड्यांनी किनारा गाठावा लागतो. तिथेही सूटवाल्यांचा नंबर सहसा आधी लागतो.

पण सूट म्हटला की सगळंच मिळतं, हा गैरसमज. रॉयल कॅरिबियनच्या या जहाजांवर सूटच्याही तीन पायऱ्या आहेत: सी, स्काय आणि स्टार. ज्युनियर सूट सगळ्यात खालच्या पायरीवर. त्याच्या नावात सूट आहे, पण त्या खास उपाहारगृहात त्याला फक्त रात्रीच्या जेवणाला प्रवेश. सर्वात वर स्टार. तिथे तुमच्या दिमतीला एक माणूस असतो आणि त्याच्या हुद्द्याचं नावच ‘रॉयल जिनी’ आहे. बाबांना हा जिनी अजिबात नको. ‘दिवसभर कुणी तरी काय हवं म्हणून विचारत राहणार, आणि आपण काय सांगायचं?’ माणसाला काम सांगता न येणं ही आमच्या घराण्यातली जुनी अडचण आहे.

भावाचा जीव लॉफ्टवर. सतराव्या मजल्यावरचा क्राउन लॉफ्ट सूट, सुमारे साडेपाचशे चौरस फूट, म्हणजे आमच्याकडचा वन बीएचकेच. दोन मजले उंच काच, खाली बैठक, वर पलंग. फोटो बघून कुणीही खुळावेल. पण वर पलंग याचा अर्थ मधे जिना. आईचे गुडघे, रात्री दोनदा उठणं आणि पायाखाली हलणारी जमीन, हे तिन्ही एकत्र आणायचं तर पैसे कशाला मोजायचे? लॉफ्ट चाळिशीच्या आतल्यांसाठी.

वहिनीने ॲक्वाथिएटरकडचा सूट काढला. हा जहाजाच्या मागच्या टोकाला आहे. खाली उघड्यावर खोल तलाव, त्यात उंचावरून सूर मारणारे कलावंत, आणि तुमची बाल्कनी त्याच्यावरच झुकलेली. खेळ बघायला यापेक्षा चांगली जागा नाही. पण खेळ संपेपर्यंत झोपायला याच्याइतकी वाईटही नाही. तालमींचं संगीत वेगळंच.

बाबांचा प्रश्न एकच होता: बोट लागेल का? लहानपणी ते भाऊच्या धक्क्यावरून लोअर डेकवर वळकटी पसरून कोकणात जायचे, आणि बोट लागलेल्या माणसांच्या आठवणी त्यांच्या जिभेवर अजून ताज्या आहेत. खरं तर एवढं अवजड जहाज सहसा फार हलत नाही. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पसरलेले पंख डावं-उजवं डोलणं बरंच आवरतात. पुढून येणाऱ्या लाटांवर टोकं वर-खाली होतात, त्याला मात्र त्यांचा फारसा इलाज नाही. मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर हालचाल सर्वात कमी, उंच आणि टोकाला सर्वात जास्त. गंमत अशी, की महागडे सूट नेमके उंच किंवा टोकाला असतात, कारण देखावा तिथून दिसतो. आणि कॅरिबियनमधला वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. तिकीट त्याच दिवसांत जरा स्वस्त दिसतं, म्हणून भाऊ सप्टेंबरवर घसरला होता. त्याला मी परत वर ओढला.

एक गोष्ट मला खटकतेच. दुसऱ्या क्रूझ कंपन्यांपैकी एमएससीने २००८मध्ये ‘फँटासिया’वर यॉट क्लब काढला, नॉर्वेजियनचं हेवन आहे: जहाजाच्या आत वेगळं जहाज, स्वतःचा तलाव, कार्ड टेकवल्याशिवाय न उघडणारं दार. १९१२ साली ‘टायटॅनिक’वर कंपनीचे अध्यक्ष इस्मे यांच्या सूटला खासगी फिरण्याची जागा होती, तेव्हा यात नवं काही नाही. तरी साडेपाच हजार माणसांच्या जहाजावर जाऊन पाचशेतच राहायचं असेल, तर लहान जहाज का घेऊ नये?

माझं मत पडलं ग्रँड सूटला. पावणेचारशेच्या आसपास चौरस फूट, एकाच पातळीवर, बाल्कनी समुद्राकडे, स्कायचे फायदे. पण नुसतं नाव घेऊन भागत नाही. तो जहाजाच्या मध्याजवळचा हवा आणि वर-खाली नुसत्या खोल्याच हव्यात. छतावर तलावाचा डेक आला, तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज तुमच्या वाट्याला. भावाच्या कुटुंबासाठी बागेकडे तोंड असलेली आतली बाल्कनी पुरे. चाळीच्या गॅलरीतून चौकात बघावं तशी माणसं दिसतात, शिवाय त्याच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्याचं भाडं बहुतेक वेळा पहिल्या दोघांपेक्षा कमी असतं.

भाऊ अजून एक पर्याय धरून बसला आहे: शेजारशेजारच्या दोन साध्या बाल्कनी खोल्या. मधला आडोसा खोलीचा अटेंडंट बऱ्याच जहाजांवर उघडून देतो, आणि सगळे एकत्र बसू शकतात. हिशेबाला हे उजवं आहे. फक्त रांगेत आईला उभं राहावं लागेल. तिला विचारलं, तर तिने उलट विचारलं की खोलीत विजेची किटली नेता येते का. येत नाही, बंदी आहे. हे तिला सांगायचं काम या रविवारी वहिनीकडे आहे.