येताना पाच वर्षांची सवलत, जाताना शून्य

मागच्या महिन्यात आमच्या कार्यालयात निवृत्तीपूर्व मार्गदर्शनाचा कार्यक्रम झाला. आम्ही पन्नाशी ओलांडलेले तीस-पस्तीस जण, समोर पडद्यावर वर वर चढणारा आलेख. मार्गदर्शक म्हणाले, "पंचविसाव्या वर्षापासून दरमहा पाच हजार गुंतवले असते, तर आज तुम्ही सगळे करोडपती असता."

पंचविसाव्या वर्षी मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो आणि उरलेल्या पैशांत परीक्षांचे फॉर्म भरत होतो. नोकरी लागली २००६ साली, अनुशेषाच्या भरतीत, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. पहिले दोन वर्षांचे पगार वडिलांच्या कर्जात गेले, मग बहिणीचे लग्न, मग धाकट्याची फी. ज्याचा बाप शेतमजूर किंवा सफाई कामगार होता, त्याच्या घरात बापाची पेन्शन तो स्वतःच असतो. शेजारच्या टेबलावरचे साहेब माझ्याच ग्रेडचे. त्यांच्या वडिलांना पेन्शन होती, शहरात घर होते. त्यांचा पगार त्यांचाच होता. करोडपती व्हायचे गणित त्यांच्यासाठी बरोबर आहे.

पण बचतीचे रडगाणे गायला मी हा लेख लिहीत नाही. मुद्दा सरकारच्या हिशेबाचा आहे.

केंद्रीय नागरी सेवा परीक्षेची वयोमर्यादा पाहा. खुल्या गटाला ३२, ओबीसींना ३५, अनुसूचित जाती-जमातींना ३७. ही सवलत का आहे? कारण आपली पोरे उशिरा पोहोचतात हे राज्यसंस्थेने मान्य केले आहे. गावची शाळा, मधे सुटलेले वर्ष, घरचे पोट, हे सगळे त्या पाच वर्षांत धरले आहे. आता दुसऱ्या टोकाला या. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने एकीकृत पेन्शन योजना, म्हणजे यूपीएस आणली. शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शन, पण पूर्ण पेन्शनला २५ वर्षे सेवा हवी. कमी भरली तर त्या प्रमाणात कपात.

आता बोटे मोजा. शेवटच्या संधीला पास झालेला खुल्या गटातला उमेदवार रुजू होता होता तेहतिशीत येतो, साठीला त्याची २७ वर्षे भरतात. ओबीसी उमेदवार पंचविसाच्या काठावर अडखळतो. आपला मुलगा अडतिशीत रुजू होतो आणि बाविशीत अडकतो. मूळ वेतन ८० हजार असेल तर पहिल्याला ४० हजार, आपल्याला ३५,२००. दरमहा ४,८०० रुपये कमी, त्यावरची महागाई वाढही कमी, आणि मागे राहिलेल्या बायकोचे कुटुंब निवृत्तिवेतनही त्याच कापलेल्या रकमेवर. एनपीएसमध्ये राहिलात तर नियम नाही, बाजार कापतो. व्याजावर व्याज चढायला जी वर्षे लागतात, तीच आपल्याकडे नसतात.

हे पूर्वीपासून असेच होते म्हणाल, तर नाही. सहाव्या वेतन आयोगानंतर जुन्या पेन्शनमध्ये दहा वर्षांच्या सेवेलाही पूर्ण ५० टक्के मिळू लागले होते. उशिरा आलेल्याला त्यात शिक्षा नव्हती. फक्त ती योजना १ जानेवारी २००४ नंतर केंद्रात लागलेल्यांना (सैन्यदले सोडून) बंद झाली. आणि मंडलच्या शिफारशीने केंद्रीय नोकऱ्यांत ओबीसी आरक्षण लागू झाले ८ सप्टेंबर १९९३ ला. म्हणजे या देशातल्या निम्म्या लोकसंख्येला आरक्षणासह पेन्शनची नोकरी मिळाली ती जेमतेम दहा वर्षे चार महिने. कुणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. मुद्दाम करावेच लागत नाही.

पेन्शन आपल्यासाठी काय होती ते दापोलीला विचारा. तिथे लष्करातून निवृत्त झालेले महार पेन्शनर राहत. गोपाळबाबा वलंगकर त्यांपैकीच. अस्पृश्यतेविरुद्ध उघड लिहिले ते त्यांनी पलटणीतून परतल्यावर. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ तिथेच होते. गावाने बलुते तोडले, मजुरी बंद केली, तरी पेन्शनर माणूस उपाशी मरत नव्हता. तो बोलू शकत होता. 'पे बॅक टू सोसायटी' आपण उठता-बसता म्हणतो. पण म्हातारपणी औषधाच्या बिलासाठी मुलाकडे हात पसरणारा माणूस समाजाला काय परत करणार?

आणि ज्या सभागृहात हे मार्गदर्शन झाले, ते सकाळी झाडणारी बाई ठेकेदाराची होती. तिच्या वाट्याला आली तरी ईपीएस-९५ ची पेन्शन येईल. तिची किमान रक्कम २०१४ मध्ये एक हजार ठरली. पूर्वी त्या जागेवर कायम कर्मचारी असे. तो कोणत्या जातीचा असे, हे सांगायला नको.

नुकतेच नोकरीला लागलेल्या पोरापोरींनो, तुमच्यासाठी दोन-तीन गोष्टी. सर्व्हिस बुक दरवर्षी मागून पाहा. जात पडताळणीचे पत्र आणि नामनिर्देशन त्यात नोंदले आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. निवृत्तीच्या वेळी खात्याची चौकशी चालू असेल तर ग्रॅच्युइटी अडते आणि हातात तात्पुरती पेन्शन येते. जुनी फाइल नेमकी शेवटच्या वर्षी उघडलेली मी पाहिली आहे. रुजू झाल्यावर यूपीएस की एनपीएस हे ठरवायला मुदत थोडी असते. तेव्हा साहेबाला विचारू नका, साहेब कितव्या वर्षी लागले ते विचारा आणि स्वतःची वर्षे मोजा.

संघटनांनी मात्र 'जुनी पेन्शन द्या' या एका घोषणेवर थांबू नये. ती लढाई लढाच. पण तोवर एक साधी मागणी करता येते: भरतीत जितकी वर्षे वयाची सवलत दिली, तितकी वर्षे पेन्शनपात्र सेवेत धरा. सवलतीवर सवलत, अशी ओरड होईल. होऊ द्या. पेन्शन ही मालकाची कृपा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच नाकरा खटल्यात सांगितले आहे. इथे तर आपण नवे काही मागतच नाही. दारात मान्य केलेली पाच वर्षे बाहेर पडतानाही मान्य करा, एवढेच म्हणतो.

कार्यक्रमाच्या शेवटी मी हाच प्रश्न विचारला. मार्गदर्शक म्हणाले, "हा विषय आजच्या सत्राचा नाही." मग चहा आला.