व्याख्यानमालांना कारखान्याचे वावडे का?

वसंत ऋतू आला की महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांत व्याख्यानमालांचे मांडव उभे राहतात. कार्यक्रमपत्रिका न पाहताही विषय सांगता यावेत, इतके ते ठरलेले असतात. शिवचरित्रातील एखादा प्रसंग, ताणतणावांचे व्यवस्थापन, लोकप्रिय अभिनेत्याची प्रकट मुलाखत आणि समारोपाला कथाकथन. यांतील एकही विषय त्याज्य नव्हे. प्रश्न आहे तो पत्रिकेत कधीच नसते त्याचा. ज्या गावात हा मांडव पडतो, त्या गावचे धरण कोणी बांधले, तेथील कारखाना कोणी उभारला आणि तो का बंद पडला, हे ऐकण्यासाठी एकही संध्याकाळ राखून ठेवावी असे आयोजकांना वाटत नाही.

वस्तुतः महाराष्ट्रात स्वदेशीचा जन्मच मुळी व्याख्यानातून झाला. १८७२-७३च्या सुमारास माधवराव रानडे यांनी पुण्यात व्यापार या विषयावर व्याख्याने दिली. त्यांतून प्रेरणा घेऊन सार्वजनिक काका देशी वस्तूंचे व्रतस्थ प्रचारक झाले आणि १८७७च्या दिल्ली दरबारात जाडीभरडी खादी नेसून उभे राहिले. वसंत व्याख्यानमालेचा पाया १८७५ साली रानडे यांनीच घातला. पुढे अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव हिंडून माणशी एक पैसा मागितला, लोकमान्यांनी त्यांना पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावात पैसाफंडाचा काच कारखाना उभा राहिला. ज्या व्यासपीठाने भट्टी पेटविली, त्यालाच आज भट्टीची धग सोसवत नाही!

किर्लोस्करवाडीचीच कथा घ्यावी. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक असलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना डावलून बढती गोऱ्या कातडीच्या माणसाला दिली गेली. त्यांनी नोकरीवर पाणी सोडले आणि बेळगावात सायकली विकल्या. मग कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्याने नांगर पडून राहिले. गिऱ्हाईक मिळवण्यात दोन वर्षे गेली. त्यातच नगरपालिकेने जागा सोडावयास लावली. अशा वेळी औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले. १० मार्च १९१० रोजी तेथे वसाहतीचा आरंभ झाला. या कथेत अपमान आहे, जिद्द आहे, जाणता राजा आहे. नाट्य म्हणतात ते याहून निराळे काय असते? तरीही ‘विषय रूक्ष आहे, श्रोते येणार नाहीत’ हे आयोजकांचे उत्तर तयारच असते.

खडकवासल्याच्या काठावर भाजलेली कणसे खाणाऱ्या पुणेकरांपैकी कितीजणांना ठाऊक आहे, की पाण्याची पातळी वाढताच आपोआप उघडणारे आणि ओसरताच मिटणारे दरवाजे १९०३ साली याच धरणावर बसविले गेले? ते घडविणारे विश्वेश्वरय्या पुण्याच्याच विज्ञान महाविद्यालयातून अभियंता झाले होते. धरणाची भिंत न वाढविता साठा वाढविण्याची ही युक्ती होती. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्या लोंढ्यात खडकवासलाही गेले आणि पुणे बुडाले. तेही व्याख्यानात आलेच पाहिजे. केवळ गौरवगाथा म्हणजे इतिहास नव्हे.

ही पोकळी मग इतर भरून काढतात. यंत्रयुग ही इंग्रजांची देणगी, असे पढविणाऱ्यांना कोणी हटकत नाही. मुंबईच्या पहिल्या सूतगिरणीची उभारणी १८५४ साली कावसजी दावर यांनी केली. यंत्रे लँकेशायरची होती, हे मान्य. पण धाडस येथलेच होते. आणि याच गिरण्यांच्या कापडावर, मँचेस्टरचे पोट दुखू नये म्हणून, इंग्रजांनी १८९६ साली साडेतीन टक्के उत्पादनशुल्क लादले. देणगी देणारा असा कर बसवीत नसतो.

परंतु परक्यांना बोल लावताना घरातल्यांनाही विचारले पाहिजे. प्राचीन विमानविद्येवरील भाषणाला सभागृह ओसंडून वाहते, ‘स्वदेशी’च्या घोषणेला टाळ्या पडतात, मात्र आजीच्या हातातला प्रभाकर कंदील ज्या ओगलेवाडीत घडला, तो काच कारखाना कसा उभा राहिला आणि कसा विझला, हे टाळ्या वाजविणाऱ्यांतील फार थोडे सांगू शकतील. कराडला रेल्वेने जाणारा प्रवासी ओगलेवाडीतच उतरतो, आणि नावाचा अर्थ न विचारता रिक्षा पकडतो.

दिरंगाईला येथे वाव नाही. बंद कारखान्यांचे नकाशे रद्दीत जातात, साचे जळणात जातात. ज्यांच्या हातांना ओतकामाचे मर्म ठाऊक आहे, असे फिटर, टर्नर, पॅटर्नमेकर ऐंशीच्या घरात पोहोचले आहेत. १९८२च्या संपाने ज्यांची चूल विझली, ते गिरणी कामगारही आता थकले आहेत. त्यांची बाजू मालकाच्या बाजूइतक्याच आदराने ऐकली जावी. या मंडळींना वक्तृत्व नसेल, पण त्यांच्यासमोर नुसता एक जुना पंप आणून ठेवावा आणि मग त्यांचे बोलणे ऐकावे.

पुढील हंगामाच्या पत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी प्रत्येक व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी गावातील आयटीआयच्या एखाद्या निवृत्त निदेशकाचे दार ठोठवावे. मानधनाची चिंता नको; तो बहुधा रिक्षाचे भाडेही घेणार नाही.