पुढच्या चाकांचा हिशेब
नाशिकच्या सातपुरात महिंद्राच्या जीपगाड्या बनतात; तिथे जुनी डिझेल गाडी ‘फोर बाय फोर’ करायची हौस कुणाला वाटली तर नवल नाही. पण नुसता पुढचा एक्सल बसवून भागत नाही. गिअरबॉक्समागे ट्रान्सफर केस लागतो, पुढे डिफरन्शियल, मध्ये प्रोपेलर शाफ्ट. मागच्या डिफरन्शियलमध्ये क्राउनला 43 आणि पिनियनला 8 दाते असतील, म्हणजे गुणोत्तर 5.375, तर पुढेही तेच हवं. फरक पडला, की कोरड्या डांबरावर शाफ्टला पीळ बसतो, टायर झिजतात, प्रसंगी गिअरही तुटतो. त्र्यंबकच्या चिखलात चाकं घसरून ताण सुटतो, म्हणून चूक लपते इतकंच. त्यात मोटार वाहन कायद्याचं कलम 52: नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये बजावलं. तेव्हा पाना उचलण्याआधी आरटीओत विचारा. किंवा कंपनीतूनच फोर बाय फोर आलेली जुनी गाडी शोधून तीच दुरुस्त करा.