'पती / वडील' हा रकाना

आमच्या धंद्यात एक फार सोयीचा शब्द आहे: 'एज केस'. म्हणजे क्वचित कधीतरी घडणारी गोष्ट. तिच्यासाठी आत्ता डोकं कोण खपवणार, पुढच्या रिलीजला बघू!

सप्टेंबर २०२५ मध्ये 'लाडकी बहीण'ची ई-केवायसी सुरू झाली. बाईच्या स्वतःच्या आधारनंतर फॉर्म मागत होता नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, आणि ओटीपी त्यांच्या मोबाईलवर. नवरा वारलेला, वडीलही नाहीत, अशा बाईने ओटीपी आणायचा कुठून? वरून मागवायचा? ओरड झाली तेव्हा नोव्हेंबरात मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा कागद किंवा कोर्टाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय झाली. झाली ना सोय, मग आता कशाला बोंब मारतोस, असं काहीजण म्हणतील. अहो, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार हे शब्द योजनेच्या पात्रतेतच होते, पहिल्या दिवसापासून. फॉर्म बनवताना नेमक्या त्याच कशा विसरल्या? आणि नवऱ्याने नुसतीच टाकलेली बाई, तिने काय द्यायचं? दाखला नाही, निकाल नाही. तिचा नवरा जिवंत आहे, फक्त तिच्यासाठी नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सुमारे १८ टक्के घरांच्या प्रमुख बायका निघाल्या. म्हणजे दर पाच-सहा घरांमागे एक. ही एज केस? इतके युजर अडकणारी स्क्रीन आमच्याकडे कोणी पास केली असती, तर सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याची काय पूजा झाली असती!

गंमत म्हणजे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार रेशनकार्डावर घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाईच कुटुंबप्रमुख असते. घरात नवरा, सासरा, दीर सगळे असले तरी. म्हणजे जिथे पुरुष आहेत तिथे कागदावर ती प्रमुख. आणि जिथे ती खरोखरच एकटी घर ओढते, तिथे कागद विचारतो, "मिस्टर कुठायत?"

या प्रश्नाची किंमत ती शरीराने भरते. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींचं उदाहरण घ्या. चार घरची कामं, दोन मुलं, नवरा दहा वर्षांपूर्वी निघून गेला तो गेलाच. गर्भाशयात गाठी. महिन्यातले दहा-बारा दिवस अंगावरून जातंय, जिना चढताना दम लागतोय, आणि ऑपरेशन दोन वर्षं पुढे ढकललेलं. पैसे नाहीत म्हणून नव्हे. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. पण योजना बिल भरते, खाडे भरत नाही. ऑपरेशननंतर सहा आठवडे वजन उचलायचं नाही. तोवर चारही घरी दुसरी बाई लागलेली असते. (महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, हेही त्याच सर्वेक्षणातलं. त्यात वर हे.)

शेवटी तयार झाल्या, तर हॉस्पिटलने नवऱ्याची सही मागितली! सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईच्या ऑपरेशनला तिची स्वतःची संमती पुरते. अगदी गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातही सज्ञान बाईला दुसऱ्या कोणाची सही लागत नाही. पण काउंटरवरची बाई ऐकेना. मग सोलापूरहून भाऊ आला, दोन दिवसांची मजुरी बुडवून. बहिणीला नेमकं काय झालंय हे त्याला धड माहीत नव्हतं, पण सही चालली.

मग निराधार योजनेतून मदत का घेत नाही, असं आमच्या एका मित्राने विचारलं. संजय गांधी निराधार योजनेची रक्कम २०२३ मध्ये महिना १,००० वरून १,५०० झाली, उत्पन्नाची मर्यादा मात्र तीच राहिली: वर्षाला २१,०००. बारांनी भागा. महिन्याला १,७५०. दोन घरची भांडी घासली तरी बाई या हिशोबाने 'सधन'. उलट लाडकी बहिणीला कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. तिला द्या हो, जरूर द्या. पण एकटीसाठीच हा काटा एवढा बारीक का?

सरकारला शिव्या घालून झाल्या असतील तर जरा आपल्या सोसायटीत येऊ. भाडेकरूच्या फॉर्मवर 'पतीचे नाव व व्यवसाय' कोणी छापलं? मुलं घेऊन एकटी राहणारी बाई फ्लॅट बघायला आली की "फॅमिलीलाच देतो" म्हणणारे मालक कोण आहेत? मंत्रालयातून तर येत नाहीत ना? तो रकाना ऐच्छिक करायला पाच मिनिटं लागतात. मी तरी पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये हा विषय लावणार आहे. ज्यांना बोअर होईल त्यांनी चहा-सामोसे खाऊन निघावं.

मावशींचं ऑपरेशन नीट झालं. चारांपैकी आमचं धरून दोन घरांनी सहा आठवड्यांचा पगार दिला, तिसऱ्याने "बघू" म्हटलं, चौथ्याने दुसऱ्याच आठवड्यात नवीन बाई लावली. चौथं घर आमच्याच मजल्यावर आहे. दोघेही आयटीत.