रुग्ण सुरक्षितपणे हलवण्याचे प्रशिक्षण व साधने मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हा शल्य चिकित्सक, पालघर

विषय : मोखाडा व जव्हार तालुक्यांतील परिचारिकांची पाठदुखी टाळण्यासाठी प्रशिक्षण व साधने मिळणेबाबत.

महोदय,

रस्ता नसलेल्या पाड्यांवरून आमच्याकडे आजही रुग्ण झोळीतून येतो. कळा सुरू झालेली बाई झोळीतून रुग्णवाहिकेत, तिथून स्ट्रेचरवर, मग लेबर टेबलवर जाते. पुढे नाशिकला पाठवायचे ठरले, की पुन्हा तीच उचलाउचल. रात्रपाळीला कक्षसेवक हाताशी नसेल, तर सिस्टर आणि नातेवाईकच रुग्ण उचलतात. काखेत हात घालून ओढताना, खाली घसरलेल्या रुग्णाला वर सरकवताना वाकलेली कंबर वळते आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर ताण येतो.

अमेरिकेतील नायॉश या संस्थेच्या सूत्रानुसार, परिस्थिती अनुकूल असली तरी रुग्णाचा सुमारे १६ किलोपर्यंतचाच भार हाताने उचलावा. आमचा अगदी अशक्त प्रौढ रुग्णही याच्या दुपटीहून जड असतो. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३४ ने इजा होईल इतके ओझे कामगाराला उचलायला लावण्यास मनाई केली. परिचारिकेची पाठ त्याहून कमी मोलाची नाही.

प्रशिक्षण पालघरच्या सभागृहात भाषण ऐकवून होऊ नये. ते आमच्याच वॉर्डात, आमच्याच खाटांवर व्हावे आणि त्यात कंत्राटी सिस्टर, कक्षसेवक व रुग्णवाहिकेवरील कर्मचारीही असावेत. आधी खाटेचे ब्रेक लावणे, वजन अंगाजवळ ठेवणे, कमरेऐवजी पावले वळवणे, एकाच्याच इशाऱ्यावर सर्वांनी हलवणे, रुग्णाची स्वतःची ताकद वापरून घेणे, हे सारे हाताला सवय होईपर्यंत करून घ्यावे. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयातील काही सिस्टरांना प्रशिक्षक म्हणून तयार केले, तर नव्याने येणाऱ्यांचीही सोय होईल.

मात्र साधने न देता नुसती उचलण्याची पद्धत शिकवल्याने पाठदुखी टळत नाही, असे या विषयावरील अभ्यासांचे आढावे सांगतात. म्हणून रुग्ण सरकवण्याच्या गुळगुळीत चादरी, स्ट्रेचर व खाट यांमध्ये टाकायची फळी, धरण्याचे पट्टे आणि उंची बदलणाऱ्या खाटा द्याव्यात. चादरी, फळ्या व ब्रेकदुरुस्तीचा खर्च रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून तातडीने मंजूर करावा. रुग्ण उचलताना झालेल्या दुखापतीची कामावरील इजा म्हणून नोंद व्हावी. आज ती बहुधा वेदनाशामक गोळीवरच संपते.

पावसाळ्यात झोळ्या वाढतात. त्यामुळे पहिले प्रशिक्षण मेअखेर व्हावे आणि त्याची तारीख आम्हांस लेखी कळवावी, ही विनंती.

आपल्या विश्वासू,
मोखाडा व जव्हार तालुक्यांतील परिचारिका व आरोग्य सेविका

प्रत : मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, पालघर (उपकेंद्रांतील आरोग्य सेविकांच्या प्रशिक्षणासाठी)