झुडूप व्हावं की म्हैस?

पक्ष्यांचे फोटो काढायला निघालेला माणूस हल्ली अर्ध्या मैलावरून ओळखू येतो, कारण आपण दिसू नये म्हणून तो खास पोशाख करून आलेला असतो. डोक्यावर पानं, अंगात पानं, विजारीवर पानं, पाठीवरच्या पिशवीवर पानं. इतका पाला अंगावर वागवणारं वाहन पूर्वी एकच असे : शेळ्यांसाठी शेवरी बांधून निघालेली सायकल. थंडीत भल्या सकाळी भिगवणला चहाच्या टपरीपाशी उभे राहा. अशी दहा-बारा झुडपं ओळीने कटिंग पीत असतात आणि आपण रोपवाटिकेत आल्याचा भास होतो. बरं, झुडूप तर झुडूप. पण त्या झुडपातून जे भिंग बाहेर आलेलं असतं ते पांढरंशुभ्र आणि दुधाच्या किटलीएवढं! मग त्या किटलीलाही पानांचं झबलं शिवून मिळतं. त्याचे पैसे वेगळे.

या पोशाखाविरुद्ध माझ्या पोटात बरंच साठलंय. छत्तीस फोटोंचा रोल जपून वापरायचा त्या काळापासून मी या नादात आहे, तेव्हा थोडं बोलायचा अधिकार मला आहे असं मी धरून चालतो. नसला तरी बोलणार आहेच.

पहिला प्रश्न : लपायचं कोणापासून? दुकानदार तो झगा गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करून दाखवतो. गिऱ्हाईक म्हणतं, वा, अगदी जंगलात मिसळून गेलो. म्हणजे पसंती कोणाची? माणसाची. पक्ष्याला विचारतो कोण? या कापडांवरचे कितीतरी छाप मूळचे अमेरिकेतल्या शिकाऱ्यांसाठी काढलेले. तिकडचा शिकारी बहुधा हरणामागे जातो, आणि हरणाला तांबड्या-हिरव्यातला फरक फारसा कळत नाही. म्हणूनच तर ते लोक एकमेकांना गोळी लागू नये म्हणून वरून भडक नारिंगी बंडी घालतात आणि तरी हरीण बिचारं चरत राहतं. पक्ष्याचं तसं नाही. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, तर बहुतेक पक्ष्यांच्या डोळ्यांत चार. जांभळ्याच्या पलीकडचा जो प्रकाश आपल्याला दिसतच नाही, तोसुद्धा कितीतरी पक्ष्यांना दिसतो. तुमच्या झग्यावरचं हिरवं आणि बाभळीवरचं हिरवं त्यांना एकच दिसत असेल, याची हमी कोणता शिंपी देणार?

त्यात तो झगा घरी आला की धुतला जातो. पूर्वी घरोघरी टिनोपाल असे, आठवतं? शर्ट चमकायचा. आता ते वेगळं घालावं लागत नाही. धुण्याच्या बहुतेक पावडरींत तसली चमक आधीच घातलेली असते. ती काय करते, तर आपल्याला न दिसणारा तो प्रकाश गिळते आणि निळसर उजेड करून परत फेकते. म्हणजे दोन-चार धुण्यांत तुमचं झुडूप लुकलुकायला लागतं. माळावर चतुर्थीची आरास!

आणि कुठली पानं असतात ती? ओकची! सोलापूरकडे नान्नजच्या माळावर चैत्रात जाऊन बघा. सगळा रंग वाळल्या गवताचा आणि मुरमाचा. त्यात हा परदेशी पानांचा गृहस्थ उताणा-पालथा होतो तेव्हा भाकरीवर कोथिंबिरीची जुडी ठेवल्यासारखा दिसतो. काही जण याहून पुढचा, चिंध्या लोंबणारा अंगरखा घेतात. त्यात माणूस अस्वलासारखा दिसतो आणि आपल्याकडच्या गवतात दहा पावलं सरपटला की त्याच्या चिंध्यांत इतकी कुसळं अडकतात, की पुढचा आठवडा बायको ती चिमट्याने काढत असते. बोलत काय असते, ते इथे छापता येणार नाही.

खरं तर लपायचं कसं, हे शिकवणारा गुरू प्रत्येक तळ्याकाठी उभा आहे. वंचक. नावच वंचक! मातकट पाठ करून चिखलात उभा असतो. तुम्ही चार पावलांवर जाता आणि अचानक पांढरे पंख उघडून एक अख्खा बगळा जमिनीतून निघाल्यासारखा उडतो. पंख पांढरेधोप असलेला हा पक्षी दिसत नाही, तो मातकट पाठीमुळे जेवढा, तेवढाच हलत नाही म्हणून. पक्ष्याला रंगाआधी कळते ती हालचाल. आणि त्याच्या खालोखाल कळतो तो खांद्यांवर ठेवलेल्या डोक्याचा, दोन पायांवर सरळ आपल्याच रोखाने येणारा आकार. तो आकार पानांच्या छापाने बदलत नाही. पानं काढलेला माणूस हा माणूसच दिसतो, फक्त जरा वाईट अभिरुचीचा.

छाप काढला की काहीही लपतं, ही समजूत जुनी आहे म्हणा. अमेरिकेत अॅबट थेयर नावाचे एक चित्रकार होते. प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकं का असतं, याचा त्यांनी लावलेला उलगडा आजही मानला जातो. पण यश डोक्यात गेलं. १९०९ साली बापलेकांनी मिळून एक जाडजूड पुस्तक काढलं आणि रोहित पक्षीसुद्धा लपण्यासाठीच गुलाबी असतो, असं सांगून टाकलं. का? तर पहाटे आणि संध्याकाळी आभाळ गुलाबी होतं, त्यात तो विरून जावा म्हणून! मग उरलेल्या दिवसभर त्याने काय करायचं? माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट इतके भडकले की १९११ साली त्यांनी शंभरावर पानं लिहून या मताचा समाचार घेतला. उजनीच्या पाण्यात भर दुपारी रोहितांचा थवा पाहिलेला कोणीही मनुष्य रूझवेल्टसाहेबांच्याच बाजूने मत देईल.

त्याच सुमारास इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कीअर्टन हे दोघे भाऊ कागदावर न लपता प्रत्यक्ष लपत होते. त्यांनी एक अख्खा बैल घेतला. म्हणजे बैलाचं कातडं सांगाड्यावर चढवून आत पोकळी ठेवलेली. कॅमेरा घेऊन त्या पोटात उभं राहायचं आणि भोकातून फोटो काढायचे. दोघांपैकी एकाला एकदा आतच भोवळ आली आणि बैल चारी पाय वर करून पडला, अशी हकीकत आहे. हसा खुशाल, पण मला या बैलाबद्दल फार आदर आहे. कारण त्या भावांनी बरोबर प्रश्न विचारला होता. ‘मी अदृश्य कसा होऊ’ असा नव्हे, तर ‘या पाखराला कोणाची भीती वाटत नाही’ असा. आपल्याकडे याचं उत्तर म्हैस. कोतवाल तिच्या पाठीवर बसून गावची पाहणी करतो, गायबगळा तिच्या पायांत घुटमळतो. म्हशीला पानांचा झगा लागत नाही.

आता जरा कडू बोलतो. हा झगा नुसता निरुपयोगी असता तर मी एवढी शाई खर्चली नसती. पैसे ज्याचे तो बघून घेईल. पण तो पक्ष्याला फसवत नाही आणि घालणाऱ्याला मात्र पुरता फसवतो.

आमचे मेव्हणे या विषयात अलीकडे शिरले. सगळा सरंजाम घेऊन. मे महिन्यात आम्ही पुण्याबाहेर एका माळावर गेलो होतो. तिथे टिटवीची चार अंडी होती. घरटं म्हणजे काय, जमिनीवर खळगा आणि भोवती चार खडे. मी दुर्बीण पुसतोय तोवर मेव्हणे अंड्यांपासून पंधरा फुटांवर झुडूप होऊन बसलेसुद्धा! टिटवी डोक्यावर घिरट्या घालून कलकलत होती. त्यांना वाटलं, ती माझ्यावर ओरडतेय.

मी लांबून म्हटलं, "अरे ऊठ तिथून."

झुडूप दबक्या आवाजात म्हणालं, "भावोजी, हलू नका. तुम्ही दिसताय. मी दिसत नाहीये."

आता टिटवी उन्हाळ्यात काय करते, ते सांगायला हवं. त्या उन्हात अंडी उघडी राहिली तर आतल्या जिवाचं शिजून पाणी होतं. म्हणून ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला अंड्यांवर उभी राहते. तेवढ्याने भागेनासं झालं की पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने येऊन अंडी गार करते. टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात. मी तिला तो पोटाने वाहताना पाहिलंय. अशा वेळी पंधरा फुटांवर एक झुडूप बसून वेल्क्रोची पट्टी चर्रकन उघडत असेल तर ती येणार कशी? आणि अंडी उघडी पडली की वर कावळा असतोच. त्याला पानांचं कौतुक नाही. माणूस जिथे वाकून बसतो तिथे काहीतरी असतं, एवढं त्याला कळतं.

साधा सदरा घातलेला माणूस असता तर पक्षी ओरडल्यावर तो ओशाळून उठला असता. झगेवाला उठत नाही. आपण दिसतच नाही म्हटल्यावर लाज कसली? माझं भांडण या झग्याशी आहे ते इथे. शेवटी मी सरळ चालत गेलो आणि मेव्हण्यांचं घरातलं, पाळण्यातलं नाव मोठ्याने घेऊन हाक मारली. झुडूप ताडकन उठलं. दोनशे पावलांवर कडुलिंब होता, तिथे सावलीत जाऊन बसलो. अकरा मिनिटांनी टिटवी आली. दुर्बिणीतून पोटाची ओली पिसं स्पष्ट दिसली. मेव्हणे म्हणाले, "फोटो हुकला." मी म्हटलं, "हुकू दे." घरट्यातल्या पक्ष्यांचे फोटो हल्ली कित्येक स्पर्धा घेतही नाहीत, आणि योग्यच करतात.

मग लपू नये का? लपावं की! पण पक्षी आपल्याकडे येईल अशा जागी, तो येण्याआधी, आणि तो जाईपर्यंत हलायचं नाही या बोलीवर. सगळ्यात उत्तम लपण म्हणजे मोटार. ती इंजिन बंद करून उभी करा, खिडकीत वाळूची नाहीतर तांदळाची पिशवी ठेवा, वर कॅमेरा. वेडा राघू तारेवरून तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तुम्ही दार उघडून पाय खाली टाकला की गेला. पाण्यावर असाल तर मासेमाराची होडी. फक्त नावाड्याला ‘उडव जरा थवा, उडताना हवाय’ असं सांगणाऱ्याला तिथेच उतरवावं, पाणी किती खोल आहे याची चौकशी न करता. तंबूच न्यायचा असेल तर न धुतलेल्या खाकी कापडाचा न्या आणि आत दोघे शिरा. थोड्या वेळाने एकाने उघडपणे निघून जावं. गेला बुवा माणूस, असं बहुतेक पक्ष्यांना वाटतं. ही युक्ती फार जुनी आहे. कावळ्यावर मात्र फार विसंबू नये.

आणि खांद्यावर टाकून न्यायचंच काही हवं असेल तर घोंगडी. माळावरचा धनगर पावसात तिची खोळ डोक्यावरून घेतो तेव्हा डोकं, मान, खांदे सगळं एक होऊन जातं. लांबून दगड किंवा मेंढरू वाटतं. काळी लोकर, तिला चमक नाही, वाऱ्यावर फडफडणं नाही, चर्र आवाज नाही. आणि माळावरच्या पक्ष्यांची तिच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख. टोचते, हे खरं. उन्हात तर जीव नको होतो. म्हणून पहाटे बसावं आणि नवाला उठावं. उजेड तोवरच चांगला असतो.

मेव्हण्यांचा झगा गेल्या हिवाळ्यात एका ओळखीच्या शेतकऱ्याने मागून नेला. ज्वारी निसवली होती, बुजगावण्याला कपडे हवे होते. काठीवर मडकं, त्याला पानांची टोपी, खाली तो झगा. चौथ्या दिवशी बघायला गेलो तर बुजगावण्याच्या खांद्यावर कोतवाल बसलेला, आणि टोपीवर दुसरा. मेव्हण्यांनी लगेच फोटो काढला. गाडीतून.